नारळी पौर्णिमेचे पंचांग आणि अंदमानची सहल

नवी दिल्लीतील मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कोपर्निकस मार्ग फार लांब नाही. दूरदर्शन भवन, कमानी सभागृह आणि जुने महाराष्ट्र सदन या वास्तूंमुळे राजधानीतील मराठी माणसाला तो चांगला परिचित आहे. केंद्र सरकारच्या मंत्रालयांत, रेल्वेत आणि बँकांच्या दिल्लीतील कार्यालयांत नोकरी करणारी मराठी कुटुंबे कधी नाटकाच्या, कधी जेवणाच्या, तर कधी गावाकडून आलेल्या पाहुण्यांच्या निमित्ताने या रस्त्यावर येतात. गणपती उठले, की त्यांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो : यंदा एलटीसीवर कुठे जायचे? उत्तरही बहुधा ठरलेले असते. अंदमान.

हे उत्तर स्वाभाविक आहे. ४ जुलै १९११ रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांना सेल्युलर जेलमध्ये आणले गेले, आणि पुढची सुमारे दहा वर्षे त्यांनी त्या बेटावर काढली. त्यामुळे मराठी मनाला अंदमान हे केवळ पर्यटनस्थळ वाटत नाही; तेथे जाण्यात यात्रेचा भाव असतो. सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना स्वग्रामाची सवलत अंदमानच्या प्रवासासाठी वापरण्याची मुभा दिली. एरवी विमानप्रवासाचा हक्क नसलेल्यांनाही तेथे विमानाने जाण्याची परवानगी मिळाली आणि ही सवलत पुढे दोन-दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मग दसरा-दिवाळीची सुटी, खात्यावर शिल्लक राहिलेली रजा आणि डिसेंबरअखेर संपणारा एलटीसीचा ब्लॉक या तिन्हींचा मेळ घातला जातो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील तिकिटे काढली जातात. बँक कर्मचाऱ्यांच्या एलएफसीलाही ब्लॉकची मुदत असते. ती प्रत्येकाच्या नियमांप्रमाणे संपते. पण मुदत संपण्याआधी ‘उरकून घेण्याची’ वृत्ती तीच.

या नियोजनात स्थळाची निवड चुकत नाही. चुकते ते पंचांग.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्राचे वेळापत्रक शतकानुशतके ठरलेले आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, श्रावणी पौर्णिमेला नारळ अर्पण करायचा आणि मग समुद्रात जायचे. अरबी समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापुरते हे वेळापत्रक बव्हंशी खरे आहे. बव्हंशी म्हणण्याचे कारण असे, की ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्याला धडकले, तेव्हा नारळी पौर्णिमा होऊन तीन महिने लोटले होते. तरीही कोकणात असा नोव्हेंबर विरळाच. त्यामुळे ‘पावसाळा संपला, समुद्र शांत झाला’ हे समीकरण मराठी घरात इतके मुरलेले आहे, की समुद्र बदलला तरी ते बदलत नाही.

बंगालच्या उपसागरात मात्र ते जवळजवळ उलटे आहे. चक्रीवादळ जन्माला येण्यास दोन गोष्टी अनुकूल असाव्या लागतात. समुद्राचा पृष्ठभाग साधारण सव्वीस-सत्तावीस अंशांहून अधिक तापलेला हवा, आणि वातावरणाच्या खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत नको. जून ते सप्टेंबर या काळात उपसागराचे पाणी उबदार असते. परंतु खाली नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे आणि उंचावर पूर्वेकडून वाहणारे जोरदार वारे यांच्या ओढाताणीत ढगांचा मनोरा उभाच राहू शकत नाही. मुसळधार पाऊस पडतो, पण मोठे चक्रीवादळ सहसा उठत नाही. मोसमी वारे माघारी फिरले, की ही ओढाताण थांबते आणि पाणी मात्र तापलेलेच राहते. म्हणूनच उपसागरात वादळांचे दोन हंगाम आहेत : एक पावसाळ्यापूर्वी, विशेषतः मे महिन्यात, आणि दुसरा पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर. या दुसऱ्या हंगामात नोव्हेंबर सर्वांत वादळी. त्यातून पुढे मोठी होणारी अनेक वादळे अंदमानच्या आसपासच्या समुद्रातच आकार घेऊ लागतात. भरीस भर म्हणजे ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे अंदमानात नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही पाऊस असतो. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिल्लीतून निघालेल्या कुटुंबाला याची कल्पना नसते.

डिसेंबर २०१६ चा प्रसंग या संदर्भात आवर्जून आठवावा असा आहे. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अंदमानच्या दक्षिणेकडील समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरील हॅवलॉक आणि त्याच्या शेजारचे नील या बेटांवर तेव्हा पर्यटकांची गर्दी होती. (आता ही बेटे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप या नावांनी, तर पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम या नावाने ओळखले जाते.) या बेटांवर रस्त्याने जाण्याचा प्रश्नच नाही; बोट हाच सर्वसामान्यांचा मार्ग. समुद्र खवळला, बोटी थांबल्या आणि चौदाशेहून अधिक पर्यटक तेथे अडकून पडले. नौदलाने बित्रा, बंगाराम आणि कुंभीर ही जहाजे रवाना केली. परंतु ७ डिसेंबरला ती हॅवलॉकजवळ पोहोचूनही लाटांमुळे धक्क्याला लागू शकली नाहीत. हवामान निवळल्यावर ९ डिसेंबरला नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दल यांनी जहाजांच्या आणि हेलिकॉप्टरच्या साह्याने सुटकेचे काम हाती घेतले.

यातली एक गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. पर्यटक अडकले तेव्हा ते ‘चक्रीवादळ’ नव्हतेच. ८ डिसेंबरला त्याची तीव्रता वाढली आणि त्याला ‘वरदा’ हे नाव मिळाले. (मराठी कानाला ते वर देणाऱ्या देवतेचे वाटते, प्रत्यक्षात ते पाकिस्तानने सुचवलेले, गुलाबाचे नाव होते.) १२ डिसेंबरला हे वादळ चेन्नईजवळ जमिनीवर आले आणि देशभर त्याची बातमी झाली. म्हणजे बातमीतील वादळाच्या कितीतरी आधीचे, अनामिक असे खराब हवामानही सहल कोलमडून टाकण्यास पुरेसे असते. पर्यटक चौकशी करतो ती ‘वादळ येणार आहे का?’ अशी. त्याने विचारायला हवे ते ‘बोटी चालू राहतील का?’ असे.

आणखी एक योगायोग बँकेच्या वाचकांना विशेष जाणवेल. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली होती आणि तिला जेमतेम महिना झाला होता. रोकड तुटपुंजी, बेटावर एटीएम मोजकीच, आणि संपर्कव्यवस्था उपग्रहाच्या भरवशावर. चेन्नई ते अंदमान अशी समुद्राखालून टाकलेली सुमारे २३०० किलोमीटरची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. तोवर कार्डाचा व्यवहार पुरा होईल याची शाश्वती नसे. आज तेथे मोबाईलवरून पैसे देता येतात हे खरे. पण वादळी वाऱ्यात वीज गेली आणि टॉवर बंद पडले, की सर्वांत आधुनिक खातेदारही १९८० च्या दशकात जाऊन पोहोचतो. अशा वेळी खिशातील दोन-तीन दिवसांची रोकड आणि नेहमीच्या औषधांचा चार दिवसांचा जादा साठा, या दोन जुन्याच गोष्टी उपयोगी पडतात. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची.

मुख्य प्रश्न मात्र पैशापेक्षा दिवसांचा आहे. पाच रात्री-सहा दिवसांच्या सहलीचा नेहमीचा क्रम असा असतो : पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, मग हॅवलॉक, मग नील, पाचव्या दिवशी संध्याकाळी परत पोर्ट ब्लेअर, आणि सहाव्या दिवशी सकाळचे विमान. कागदावर हा क्रम देखणा दिसतो. एकही तास वाया जात नाही. परंतु समुद्राला एक दिवसही दिलेला नसतो. पाचव्या दिवशीची बोट सुटली नाही, तर सहाव्या दिवशीचे विमान गेलेच.

आणि येथे बहुतेकांची आर्थिक समजूत चुकते. हवामानामुळे विमान कंपनीने उड्डाण रद्द केले, तर नियमांनुसार प्रवाशाला दुसरे उड्डाण किंवा तिकिटाचा परतावा मिळतो. नुकसानभरपाई मात्र मिळत नाही, कारण वादळ कंपनीच्या हातातील गोष्ट नाही. पण विमान वेळेवर उडाले आणि प्रवासीच बेटावर अडकला, तर? विमान कंपनीच्या दृष्टीने तो केवळ गैरहजर प्रवासी ठरतो. तिकिटावरील काही करांपलीकडे त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ऐन वेळचे नवे तिकीट, तेही चार जणांचे, तेही शेकडो अडकलेले प्रवासी एकाच दिवशी परतू पाहत असताना, कोणत्या भावाने मिळेल याचा हिशेब सहलीच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो. सरकारी सवलतीवर निघालेल्यालाही हा वाढीव भार आपोआप परत मिळेल असे समजण्याचे कारण नाही.

प्रवास विमा हा त्यावरचा एक उपाय आहे, परंतु तो डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो. वादळाची बातमी आल्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या वादळापुरती बहुधा निरुपयोगी असते. ठाऊक असलेल्या संकटाचा विमा कोणी उतरवत नाही. म्हणून तिकीट काढले त्याच आठवड्यात पॉलिसी घ्यावी आणि तिच्यात ‘हवामानामुळे प्रवास लांबणे’ आणि ‘पुढील उड्डाण चुकणे’ या दोन बाबी आहेत की नाहीत हे वाचून पाहावे. क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारा फुकट विमा बहुतांशी अपघाताचा असतो. त्याच्या भरवशावर राहू नये. कर्ज काढून सहलीस जाणाऱ्याने तर आणखी जपून असावे. सहल संपल्यावर हप्ते सुरू होतात, आणि अडकलेल्या दोन दिवसांचा खर्च त्या हप्त्यांत धरलेला नसतो. एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात राखून ठेवावा. लागला नाही, तर तो आपलाच आहे.

अर्थात, याहूनही स्वस्त उपाय एक आहे, आणि त्याला पैसे जवळजवळ पडत नाहीत. सहलीचा क्रम उलटा करावा. पोहोचल्यावर शक्य तितक्या लवकर लांबच्या बेटांवर जाऊन यावे आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच राखाव्यात. सेल्युलर जेल पळून जात नाही. समुद्रिका संग्रहालय आहे, चॅथमची जुनी लाकूडगिरणी आहे, दुपारी विसावा घ्यायलाही जागा आहे. बोट एक दिवस उशिरा सुटली तरी या कार्यक्रमातील एखादी दुपार जाईल, विमान जाणार नाही. पर्यटन संस्थांनी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सहलींत हाच क्रम प्रमाण मानावा. तो त्यांना ठाऊक नाही असे नाही. ग्राहकाने मागितला नाही, म्हणून तो दिला जात नाही.

राखीव दिवस नसण्याचा परिणाम केवळ खिशावर होतो असेही नाही. ज्याचे विमान उद्या सकाळी आहे, तो प्रवासी आज धक्क्यावर बोटवाल्याची मनधरणी करतो. ‘एवढा पाऊस आमच्याकडेही पडतो’, ‘थोडी दाटी झाली तरी चालेल’, अशी वाक्ये अशा वेळी सहज तोंडून निघतात. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ ‘ॲक्वा मरीन’ ही पर्यटकांची बोट उलटून वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. तेव्हा वादळ नव्हते. क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे बोटीत होती. स्वच्छ दिवशी गर्दीने जे केले, ते खवळलेल्या समुद्रात घाईने होण्यास वेळ लागणार नाही. बंदर अधिकारी बोटी थांबवतो, तेव्हा त्याच्यावर चिडणारा पर्यटक त्याच्याच उपकाराखाली असतो.

ही सारी चर्चा अंदमानपुरती नाही, पण अन्य बेटांबद्दल थोडक्यात सांगता येईल. लक्षद्वीपला नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ने झोडपले, तेच वादळ पुढे उत्तरेकडे सरकले आणि डिसेंबरात मुंबईकरांना छत्र्या काढाव्या लागल्या. मॉरिशसचे पंचांग तर पूर्णच उलटे. दक्षिण गोलार्धातील ते बेट, त्यामुळे तेथील वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल-मे. आपल्याकडील लग्नसराईनंतर जानेवारी-फेब्रुवारीत मधुचंद्रासाठी निघालेली जोडपी नेमकी त्याच्या मध्यावर तेथे पोहोचतात. १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने राजधानी पोर्ट लुईसमधील रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तेथे आजही गणेशोत्सव साजरा करतात. इशाऱ्याच्या चार पायऱ्या त्यांच्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असतात. तिसरी पायरी लागली, की सारे घरात. हॉटेलात उतरलेला पाहुणा मात्र स्वागतकक्षात विचारत राहतो, की आजची समुद्रसफर किती वाजता आहे. अटलांटिक महासागरातील हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, आणि त्याचा कळस साधारण आपल्या गणपतीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या पूर्वार्धात येतो. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना कॅरिबियन बेटांची हॉटेले त्याच आठवड्यांत सर्वांत स्वस्त का मिळतात, याचे उत्तर दरपत्रकात नसते. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘अर्मा’ने सेंट मार्टिन आणि बार्बुडा या बेटांची जी दशा केली, त्यात असते.

मग या दिवसांत बेटांवर जाऊच नये का? असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. उत्तर हिंदी महासागरात, म्हणजे उपसागर आणि अरबी समुद्र मिळून, वर्षाला सरासरी पाचेक चक्रीवादळे होतात. त्यांतील एखादे नेमके आपल्या सहा दिवसांत, नेमक्या आपल्या बेटाजवळ येण्याची शक्यता अल्पच. हॅवलॉकवरील खानावळवाला, दुचाकी भाड्याने देणारा, पाणबुडीचे प्रशिक्षण देणारा तरुण, यांचे वर्षाचे उत्पन्न याच महिन्यांवर अवलंबून असते. साऱ्या पर्यटकांनी पाठ फिरवली, तर वादळ न येताही त्यांचे नुकसान होईल. जावे, पण जोखमीची किंमत आधी मोजून जावे.

ती मोजण्याचे साधन दिल्लीकरांच्या तर हाताशी आहे. कोपर्निकस मार्गापासून काही किलोमीटरवर, लोदी मार्गावरील मौसम भवनात, जगातील सहा प्रादेशिक चक्रीवादळ केंद्रांपैकी एक आहे. बंगालच्या उपसागरावर आणि अरबी समुद्रावर उठणाऱ्या प्रत्येक वादळावर तेथून लक्ष ठेवले जाते. समुद्राच्या स्थितीचे निवेदन रोज निघते, आणि दर गुरुवारी पुढील दोन आठवड्यांत वादळ तयार होण्याची शक्यता किती, याचा अंदाज प्रसिद्ध होतो. त्याला शुल्क नाही. हॉटेलच्या खोलीतून समुद्र दिसतो की नाही यासाठी दहा संध्याकाळी घालवणाऱ्या कुटुंबाने निघण्यापूर्वीचे दोन गुरुवार या अंदाजासाठी द्यावेत, एवढी अपेक्षा जास्त नाही.

राहता राहिला ब्लॉक संपण्याचा धसका. तो बऱ्याच अंशी अनाठायी आहे. केंद्र सरकारच्या नियमांनुसार एखाद्या ब्लॉकमध्ये न घेतलेली एलटीसी पुढील ब्लॉकच्या पहिल्या वर्षात घेता येते. म्हणजे डिसेंबरची घाई ही नियमापेक्षा कार्यालयातील कुजबुजीने अधिक वाढवलेली आहे. ज्या आस्थापनांत अशी मुभा नाही, त्यांनी बेटांच्या प्रवासापुरती तरी मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवण्याचा विचार करावा. आर्थिक वर्षही तेव्हाच संपते. लेखा विभागाची त्याने फारशी गैरसोय होऊ नये.

फेब्रुवारी ते एप्रिलचा पूर्वार्ध हा काळ उपसागरात वादळांच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत शांत असतो. शाळकरी मुलांच्या आईवडिलांना तो परीक्षांमुळे साधत नाही, ही अडचण खरी आहे. त्यांना दिवाळीचीच सुटी घ्यावी लागेल, आणि राखीव दिवसांची सोय त्यांच्यासाठीच आहे. परंतु निवृत्त जोडपी, मुले मोठी झालेली कुटुंबे, नुकतेच नोकरीला लागलेले तरुण, यांनी नोव्हेंबरच्या गर्दीत शिरण्याचे काहीच कारण नाही. फेब्रुवारीत पाऊस जवळजवळ नसतो, बोटी वेळेवर सुटतात, आणि सेल्युलर जेलच्या अंगणात संध्याकाळी होणारा ध्वनिप्रकाशाचा उघड्यावरचा कार्यक्रम कोरड्या बाकावर बसून, अखेरपर्यंत पाहता येतो.